ऐकवण्याचा इतिहास

स्नेहमेळाव्याच्या निमित्तानं आपल्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला आणि पहिले दोन महिने जुन्या फोटोंतच गेले. मग कुणीतरी विचारलं, "सध्या काय ऐकताय?" आणि ग्रुपचा नूरच पालटला. एकीनं किशोरीताईंचा भूप लिहिला, एकानं पिंक फ्लॉइड, एकानं प्रल्हाद शिंदे. नुसती नावं देऊन कुणी थांबेना. आपण ते का ऐकतो हेही प्रत्येकाला सांगायचं होतं, आणि दुसऱ्यानं ते आजच्या आज ऐकावं असा आग्रहही होता.

व्याकरणाच्या तासाला आपण प्रयोजक क्रियापदं घोकली होती, आठवतं? ऐकणं आणि ऐकवणं. संगीताच्या इतिहासात ऐकणाऱ्यांबद्दल आणि गाणाऱ्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. हा लेख ऐकवणाऱ्यांबद्दल आहे.

भारतात या गोष्टीची सुरुवात १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात झाली असं म्हणता येईल. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग यंत्रं घेऊन आला आणि त्यानं गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. तिच्या अनेक तबकड्यांच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. आज ते ऐकताना गंमत वाटते, पण त्यामागे कामाचं कारण होतं. मूळ मुद्रण जर्मनीत हॅनोवरला जायचं आणि तबकड्या तिथं तयार व्हायच्या. तिथल्या कारागिरांना ना भाषा कळायची ना राग. लेबलवर कुणाचं नाव छापायचं हे त्यांना त्या आवाजातूनच कळणार होतं. पुढे १९०८ मध्ये कोलकात्याला सियालदहला कारखाना निघाला आणि रेकॉर्डी इथंच बनू लागल्या.

लाखेची ती तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. तासभर राग मांडणाऱ्या गवयांना त्याचा अर्क तीन मिनिटांत काढावा लागला. आपल्याकडे बालगंधर्व, मास्टर दीनानाथ यांची नाट्यपदं अशीच घरोघर पोचली. घरोघर म्हणजे प्रत्येक घरी मात्र नव्हे. चावीचा ग्रामोफोन ही श्रीमंती होती. गल्लीत एकाकडे असायचा आणि बाकीचे त्याच्या ओसरीवर बसायचे. यंत्राचा मालक एक आणि ऐकणारे वीस, म्हणून ऐकवणं हा तेव्हा शेजारधर्मच होता.

या ऐकवण्यानं माणसांची आयुष्यं बदलली. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी लहानग्या भीमसेन जोशींनी गदगला रेकॉर्डवर ऐकली. असं गायला शिकायचं म्हणून १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, ते घरातून पळाले. गुरूच्या शोधात वणवण करून शेवटी ते सवाई गंधर्वांकडे पोचले, आणि सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँसाहेबांचेच शिष्य होते. कुमार गंधर्वही लहानपणी थोरामोठ्यांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गाऊन दाखवत. तबकडी लावणाऱ्याला आपण काय करतोय याची कल्पनाही नसेल.

रेडिओ आला आणि ऐकवण्याचं काम लांबच्या कुणा निवेदकाकडे गेलं. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. दर आठवड्याला एक अशी ५६ गाणी, वर्षभर. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतली माणसं रेडिओसमोर हात जोडून बसायची हे आपण सगळ्यांनीच घरी ऐकलंय. हिंदी चित्रपटगीतांची गोष्ट वेगळी. माहिती आणि नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांना ती गाणी पसंत नव्हती आणि आकाशवाणीवर त्यांची जवळजवळ बंदीच झाली. श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले. १९५२ च्या डिसेंबरात अमीन सायानींची बिनाका गीतमाला तिथं सुरू झाली. गाण्यांचा क्रम ठरवताना रेकॉर्डींच्या खपाबरोबर गावोगावच्या श्रोतासंघांची मतंही धरली जात. गाणं आवडतं म्हणून संघ काढणारी आणि दर आठवड्याला पोस्टकार्डं लिहिणारी माणसं तेव्हा देशभर होती. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारनंच विविध भारती सुरू केली. 'आपली आवड'मध्ये फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचली जायची. गाणं आधीच पाठ असायचं. ते सगळ्या महाराष्ट्राला मी ऐकवलं, यात खरी मजा होती.

ऐकवण्याचा सगळ्यात लांबचा पल्ला मात्र एका गोव्याच्या गायिकेनं गाठला. १९७७ मध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर यानं सोडली तेव्हा सोबत सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी पाठवली. पृथ्वीवरचं कुठलं संगीत पाठवायचं हे ठरवायला कार्ल सेगन यांच्याबरोबर एक छोटा गट होता. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकांनी केसरबाई केरकरांच्या भैरवीची रेकॉर्ड सुचवली. ती बाजारात मिळत नव्हती. शोधाशोध करून न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात ती सापडली. आज सूर्यमालेच्या पलीकडे निघालेल्या त्या २७ रचनांत केरी गावच्या केसरबाई आहेत, त्या एका माणसानं "हे घ्याच" असं म्हटलं म्हणून. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

आपल्या पिढीच्या वाट्याला कॅसेट आली. फिलिप्सनं ती १९६३ मध्येच आणली होती, पण आपल्याकडे तिचा खरा जोर ऐंशीच्या दशकातला. १९८३ मध्ये सुरू झालेल्या टी-सीरीजनं स्वस्त कॅसेटी पानाच्या टपऱ्यांवर आणि वाणसामानाच्या दुकानांत ठेवल्या. तोवर रेकॉर्ड कंपनीच्या दारात ज्यांना कुणी उभं केलं नव्हतं त्यांची गाणीही आता निघू लागली. भीमगीतांच्या कॅसेटी ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या रस्त्यावर मिळत आणि तिथून खेडोपाडी जात. विठ्ठल उमप आणि प्रल्हाद शिंदे यांचे आवाज असेच पसरले. दुसऱ्या टोकाला पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसनं शास्त्रीय संगीताच्या कॅसेटी निगुतीनं काढल्या. आपल्या सहलीच्या बसमध्ये मात्र सर पुढच्या सीटवर असेपर्यंत भक्तिगीतं आणि ते उतरले की आनंद शिंदेंचा पोपट, हे सगळ्यांना आठवत असेलच.

कॅसेटनं आणखी एक मोठी गोष्ट केली. ऐकणाऱ्याच्या हातात पहिल्यांदाच मुद्रणाचं यंत्र दिलं. यादी देऊन दुकानातून कॅसेट भरून आणणं हा नव्वदच्या दशकातला आपला मोठा उद्योग. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. पाच मिनिटांचं एक गाणं धरलं तर सहा गाणी. सातवं घातलं की अंतऱ्यातच खटका. म्हणून कुठलं ठेवायचं आणि कुठलं काढायचं याचा विचार करावा लागे, आणि तो विचार करताना समोर कोण ऐकणार आहे हे डोळ्यांसमोर असे. भरलेली कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे दात मोडायचे. आतल्या कागदावर बारीक अक्षरात गाण्यांची नावं लिहायची. कॅसेट भरून देण्याइतका वेळ आपण कुणासाठी काढला, यावरून मैत्री मोजता यायची.

पुढचं माझ्या धंद्यातलं. एमपीथ्री आलं आणि एका सीडीत बारा तासांची गाणी मावू लागली, म्हणजे दीडशेच्या आसपास. निवडायची गरजच संपली. त्या फाइलमध्ये सुरुवातीला गायकाचं नाव लिहायला ठरलेली जागाच नव्हती. १९९६ मध्ये फाइलच्या अगदी शेवटी १२८ बाइटची एक पट्टी जोडायची युक्ती निघाली. नाव पुन्हा शेवटी! गौहरजाननं जे केलं तेच. फरक इतकाच की ती पट्टी भरायचा कंटाळा केला तरी गाणं वाजतं. म्हणून आपल्या जुन्या सीडींवर 'ट्रॅक ०१' नावाची कितीतरी गाणी पडून आहेत.

आता तर काय ऐकायचं तेही संगणक सुचवतो. त्यात जादू काही नाही. तुम्ही जी गाणी ऐकलीत तीच ऐकणारे आणखी लोक शोधायचे, आणि त्यांनी ऐकलेलं पण तुम्ही न ऐकलेलं तुमच्यापुढे ठेवायचं, हा त्यातला एक मुख्य हिशोब. तो बऱ्याचदा बरोबर येतो आणि मला स्वतःला त्यातून चांगलं काही मिळालंय. पण त्या हिशोबात 'का'चा रकाना नाही. आपल्या ग्रुपवर एकानं लिहिलं की वडील गेल्यावर वर्षभर काहीच ऐकवेना, मग एका सकाळी त्यानं मल्लिकार्जुन मन्सूर लावले आणि ते ऐकता आले. ते वाचून त्या दिवशी आपल्यातल्या कितीतरी जणांनी मन्सूर लावले. कुठल्याही यंत्रानं ते आम्हाला सुचवलं नसतं.

हा 'का' जपणारी माणसं आहेत. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. सुरेश चांदवणकरांसारख्या संग्राहकांनी जुन्या तबकड्या जमवल्या, एकत्र बसून ऐकल्या, त्यांच्यावर लिहिलं. पण ते काम मुख्यतः रेकॉर्डींचं. घरी भरलेल्या कॅसेटी कुठल्याच सूचीत नाहीत. आपल्या स्नेहसंमेलनांतली समूहगीतं, संगीताच्या बाईंचा आवाज, गणेशोत्सवातलं एखादं कीर्तन कुणाच्या तरी माळ्यावर असेल, आणि तिची दुसरी प्रत जगात नसेल.

या कॅसेटी आता तीस वर्षांच्या झाल्यात. फीत चिकटते, तिच्यावर बुरशी धरते, तिला मागून दाबणारी फेल्टची गादी गळून पडते. म्हणून सापडल्या तर उत्साहानं लगेच लावू नका. पांढरे डाग दिसले तर मुळीच लावू नका. फीतही जाईल आणि यंत्रही खराब होईल. मेळाव्याच्या दिवशी सभागृहाच्या दाराशी एक टेबल असेल, तिथं द्या. आम्ही तिघंचौघं मिळून त्या संगणकावर उतरवू आणि कॅसेट परत करू. सोबत एक कागद मात्र आठवणीनं जोडा. कोण गातंय, कुठलं साल, आणि ही कॅसेट तुम्ही इतकी वर्षं का ठेवलीत.