लारी (नाणे)

लारी : सोळाव्या व सतराव्या शतकांत इराणचे आखात, भारताचा पश्चिम किनारा, मालदीव व श्रीलंका या प्रदेशांत प्रचलित असलेले चांदीच्या तारेचे नाणे. दक्षिण इराणमधील लार या नगरावरून त्यास हे नाव पडले. होर्मुझच्या व्यापाराबरोबर ते भारतीय किनाऱ्यावर आले. मूळचे परकीय असूनही ते येथे इतके रुळले, की विजापूरच्या आदिलशाहीने त्याच घडणीची नाणी स्वतःच्या नावाने पाडली. मालदीवमध्ये रुफिया या चलनाचा शंभरावा भाग अद्यापि लारी याच नावाने ओळखला जातो.

सु. १० सेंमी. लांबीची तार मधोमध दुमडून तिच्या दोन्ही अंगांवर ठसे ठोकीत. तिचे वजन सामान्यतः ४.५ ते ५ ग्रॅ. भरते. तार ठशाहून पुष्कळच अरुंद असल्यामुळे एका नाण्यावर लेखाचा काही अंशच उमटे. म्हणून लारी ओळखताना प्रथम आकार, मग वजन आणि शेवटी अक्षरे पाहावी लागतात. आदिलशाही लारी सरळ व दुमडलेली असून तीवर अली आदिलशाहाचे नाव आणि हिजरी वर्ष आढळते. ही नाणी दुसरा अली आदिलशाह (कार. १६५६–७२) याची मानतात. हिजरी वर्ष चांद्र असल्याने त्याचे रूपांतर काळजीपूर्वक करावे लागते; उदा., हिजरी १०७१ म्हणजे इ. स. १६६०–६१. श्रीलंकेतील लारी बहुधा गळासारखी वाकविलेली असून तीवरील अक्षरे पुष्कळदा अरबी लिपीचे केवळ अनुकरण असतात.

लारीचे मोल तिच्यावरील राजनामात नव्हे, तर चांदीच्या शुद्धतेत होते. श्रीलंकेत अनेक वर्षे बंदिवासात राहिलेला इंग्रज खलाशी रॉबर्ट नॉक्स याने आपल्या १६८१ मधील ग्रंथात तेथील कसोटी नमूद केली आहे. संशय आल्यास नाणे विस्तवात लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकीत आणि ते शुभ्र न निघाल्यास नाकारीत.

कोकणात हीच दृष्टी राज्यव्यवहारातही दिसते. १६७४ मध्ये इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याने रायगडावर आपल्या कंपनीचे नाणे मराठी मुलखात चालावे, अशी मागणी केली. त्यावर कोणत्याही नाण्यास मनाई नाही; परंतु ज्यात रयतेचे नुकसान होईल, असे नाणे घेण्याची सक्तीही करता येणार नाही, अशा आशयाचे उत्तर छत्रपती शिवाजी महाराजांकडून मिळाले. नाणे वजनाने व कसाने इतर राजांच्या नाण्यांच्या तोडीचे असेल, तर ते आपोआप चालेल, असा त्याचा अर्थ होता. किनाऱ्यावरील ठाण्यांचे धनी वारंवार बदलत. पनवेल खाडीच्या मुखाजवळील बेलापूरचा किल्ला पोर्तुगीजांकडून अठराव्या शतकात मराठ्यांकडे आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. अशा प्रदेशात व्यापाऱ्याचा भरवसा ठशापेक्षा सराफाच्या काट्यावर आणि कसोटीवर असणे स्वाभाविक होते.

आज लारीचे मूल्य ठरविताना चांदीच्या भावापेक्षा लेखाची सुवाच्यता, वर्ष, विरळपणा आणि प्राप्तिस्थान यांना महत्त्व असते. चांदीची पारख करण्यासाठी घातलेली खाच नाणे हाताळले गेल्याचा पुरावा ठरते. घासून उजळविलेल्या नाण्याची मात्र उरलीसुरली अक्षरे झिजतात व त्याचे मोल घटते.

लारी वितळविणे सोपे असल्याने पुष्कळ नाणी मुशीत नाहीशी झाली. रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर येथे एकोणिसाव्या शतकात सापडलेल्या साठ्यासारखे साठे म्हणूनच मोलाचे ठरतात. एका लारीवर लेखाचा आरंभ, दुसरीवर मध्य, तर तिसरीवर वर्ष मिळते; अनेक नाणी शेजारी ठेवल्यावरच संपूर्ण लेख जुळतो. साठा वाटून घेतल्यास सुटे नाणे शिल्लक राहते, पण त्याचे वाचन अवघड होते. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार दहा रुपयांहून अधिक किंमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेषविषयक अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेषांत मोडतात आणि खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर पाठविता येत नाहीत. लारीच्या बाबतीत साठा अखंड राहणे ही तिच्या ओळखीचीच अट आहे.