अँपेगची दुरुस्ती आणि बेसवादकांची निष्ठा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचा इतिहास बहुधा गायकांच्या, गिटारवादकांच्या आणि ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांच्या नावांनी सांगितला जातो. ज्या यंत्रांतून ते संगीत श्रोत्यांपर्यंत पोहोचले ती यंत्रे बनवणाऱ्या आणि बिघडल्यावर दुरुस्त करून देणाऱ्या कारागिरांना त्यात क्वचितच जागा मिळते. अमेरिकेतील बेसवादकांनी मोजक्या अँप्लिफायर-उत्पादकांशी पिढ्यान्‌पिढ्या जी निष्ठा राखली, तिचा उलगडा मात्र या कारागिरांकडे पाहिल्याशिवाय होत नाही. या दृष्टीने अँपेग या कंपनीचा इतिहास विशेष बोलका आहे, कारण १९४९ पासून तिची मालकी अनेकदा बदलली, तिचे कारखाने हलले, मालाचा दर्जा चढला आणि उतरला, आणि या प्रत्येक वळणावर वादकांची निष्ठा नेमकी कशाशी बांधलेली होती हे स्पष्ट होत गेले.

ही निष्ठा समजण्यासाठी आधी बेसवादकाची अडचण समजून घेतली पाहिजे. वाद्यवृंदात खर्जाची बाजू सांभाळणारे डबल बेस हे माणसाच्या उंचीपेक्षा मोठे लाकडी तंतुवाद्य असून त्याच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा, म्हणजे ४१ हर्ट्झचा असतो. माणसाचा कान इतक्या खालच्या स्वरांना मुळातच कमी संवेदनशील असल्याने, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांच्या ताफ्यासमोर १९३० आणि १९४० च्या दशकांतील बेसवादक जीव तोडून वाजवत असला तरी मागच्या रांगेतल्या श्रोत्याला त्याचा आवाज ऐकू येण्यापेक्षा जाणवतच असे. विद्युत ध्वनिवर्धन हा त्यावरचा उघड उपाय होता. पण गिटारसाठी बनवलेले अँप्लिफायर येथे निकामी ठरत, कारण ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक भरते, आणि मागून उघड्या असलेल्या पेटीत स्पीकरच्या पडद्याच्या पुढून निघणारी लहर मागून निघणाऱ्या उलट्या लहरीशी मिसळून विरून जाते. खर्ज ऐकू यायचा तर मोठा स्पीकर, बंद पेटी आणि कित्येक पट अधिक विद्युतशक्ती या तिन्ही गोष्टी हव्यात, आणि त्या एकत्र आल्या की यंत्र जड, महाग आणि तापट बनते.

ही अडचण स्वतः भोगलेल्या माणसाने अँपेगची स्थापना केली. एव्हरेट हल हा व्यवसायाने वादक होता आणि न्यूयॉर्कच्या नृत्यवृंदांत बेस वाजवत असे. डबल बेस ज्या टोकदार दांड्यावर जमिनीला टेकवला जातो, तो दांडा वाद्याच्या पोटात वरपर्यंत नेऊन त्याच्या शेंड्यावर ध्वनिग्राहक बसवण्याची युक्ती त्याने १९४६ च्या सुमारास काढली, आणि कंपनीचे नाव या विद्युतीकृत दांड्यावरूनच पडले. स्टॅन्ली मायकेल या तंत्रज्ञाशी केलेली भागीदारी अल्पकाळच टिकली. १९४९ मध्ये हलने अँपेग बासअँप कंपनी या नावाने स्वतंत्र व्यवसाय मॅनहॅटनमध्ये सुरू केला. जागेची ही निवड महत्त्वाची होती, कारण रेडिओ केंद्रे, ध्वनिमुद्रणगृहे आणि नाट्यगृहे जवळच असल्याने शहरातले धंदेवाईक बेसवादक सहज तेथे येऊ शकत. कंपनीचा मालक आणि तिचे ग्राहक एकाच पेशाचे होते, आणि वादकाने सांगितलेली तक्रार समजण्यासाठी त्या मालकाला दुभाष्याची गरज नव्हती.

हाच काळ कॅलिफोर्नियात लिओ फेंडरच्या उदयाचा होता, आणि त्याची पार्श्वभूमी या विवेचनाला पूरक आहे. फेंडर वादक नव्हता, त्याला गिटार वाजवताही येत नसे. परंतु १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्याने फुलरटन गावात रेडिओ-दुरुस्तीचे दुकान थाटले होते, आणि दुरुस्तीसाठी आलेल्या अँप्लिफायरमध्ये कोणता भाग वारंवार जळतो, कोणता सांधा निखळतो याचे ज्ञान त्याने दुकानाच्या मेजावर मिळवले होते. १९५१ मध्ये त्याने प्रिसिजन बेस हे गिटारसारखे आडवे धरायचे विद्युत वाद्य बाजारात आणले आणि १९५२ मध्ये त्याच्या जोडीला बासमन हा अँप्लिफायर दिला. त्याच्या अँप्लिफायरच्या पेटीत आतल्या बाजूला कोणत्या जागी कोणता व्हॉल्व्ह बसतो याचा छापील तक्ता चिकटवलेला असे, त्यामुळे दूरच्या गावातल्या रेडिओ-मेकॅनिकलाही तो उघडून दुरुस्त करता येई. इंग्लंडमध्ये जिम मार्शलच्या दुकानाने १९६० च्या दशकाच्या आरंभी याच बासमनच्या आराखड्यावरून आपला पहिला अँप्लिफायर बनवला, आणि तो प्रत्यक्ष जोडणाऱ्यांत केन ब्रॅन हा त्या दुकानाचा दुरुस्ती-कारागीरच होता. म्हणजे या व्यवसायाच्या दोन मोठ्या शाखा दुरुस्तीच्या मेजावर उगवल्या, तर तिसरी वादकाच्या गरजेतून.

अँपेगमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या त्या जेस ऑलिव्हरमुळे. ऑलिव्हर स्वतः बेसवादक असून विद्युततंत्रातही पारंगत होता. १९५६ मध्ये तो हलच्या कंपनीत आला आणि १९६० मध्ये त्याने बी-१५ हा पोर्टाफ्लेक्स मालिकेतील अँप्लिफायर सिद्ध केला. पंधरा इंची एकच स्पीकर आणि सुमारे २५ वॅटची शक्ती एवढाच त्याचा आवाका होता, पण त्याच्या रचनेत वादकाच्या रोजच्या कष्टांचा बारकाईने विचार झालेला दिसतो. व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर यांचा सांगाडा पेटीच्या झाकणावर बसवलेला होता. वादनाच्या वेळी तो वर उभा राही, आणि कार्यक्रम संपला की खटके उघडून झाकण उलटे करायचे, म्हणजे काचेचे व्हॉल्व्ह पेटीच्या आत सुखरूप जात. खाली लावायची चाकांची बैठकही सोबत मिळे, त्यामुळे एकटा वादक तो ढकलत नेऊ शकत असे. न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रणगृहांनी बी-१५ कायमचा आणून ठेवला, जेणेकरून वादकाला केवळ वाद्य घेऊन येता यावे. चक रेनी आणि जेरी जेमॉट यांच्यासारख्या न्यूयॉर्कच्या, तसेच मेम्फिसच्या डोनाल्ड डन यांच्यासारख्या वादकांचे नाव या यंत्राशी जोडले गेले, आणि डेट्रॉइटचे जेम्स जेमरसन क्लबमधील वादनासाठी तेच वापरत.

व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला सेवेची गरज का पडते, हे येथे थोडे तपशिलात पाहिले पाहिजे. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत तापलेल्या धातूपासून इलेक्ट्रॉन उडवून क्षीण विद्युतलहर मोठी करणारे साधन; महाराष्ट्रातील घराघरांत एके काळी सुरू केल्यावर गरम होईपर्यंत वाट पाहायला लावणारे जे रेडिओ होते, त्यांत हेच व्हॉल्व्ह असत. ही नळी दिव्याप्रमाणे झिजते, आणि बेसच्या पेटीवर ती सतत हादरत असल्याने अधिक लवकर झिजते. अनुभवी कारागीर यंत्र चालू ठेवून पेन्सिलच्या टोकाने एकेका व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मारतो, आणि ज्या व्हॉल्व्हवरची टिचकी स्पीकरमधून घणासारखी ऐकू येते तो आतून सैल झाला आहे असे ओळखून बदलतो. सतत घुमणारा आवाज येत असेल तर वीजपुरवठा संथ करणारे कपॅसिटर वाळले आहेत असे तो ताडतो, आणि त्यांत साठलेला शेकडो व्होल्टचा भार आधी उतरवल्याशिवाय आत हात घालत नाही. नवे शक्ति-व्हॉल्व्ह बसवल्यावर त्यांतून वाहणारा विश्रांत प्रवाह मोजून जुळवावा लागतो. तो अधिक झाला तर नळ्या जळतात, कमी झाला तर स्वर कोरडा आणि खरखरीत होतो. असे यंत्र एकदा विकून उत्पादकाचे काम संपत नाही, आणि विकत घेणाऱ्यालाही ते ठाऊक असते. शिवाय वाद्यवृंदात गिटारवादक दोन-तीन असू शकतात, बेसवादक मात्र एकटाच असतो. त्याचा अँप्लिफायर ऐन कार्यक्रमात मुका झाला तर सगळ्या संगीताचा पाया निघून जातो. म्हणून स्वराच्या गोडव्याइतकाच, यंत्र बिघडल्यावर कोण उभे राहील हा प्रश्न बेसवादकाच्या निवडीत निर्णायक ठरत आला.

हलच्या सेवेला एक मर्यादाही होती आणि इतिहासाने ती नोंदवली पाहिजे. ज्या जॅझ आणि नृत्यसंगीताच्या जगात तो वाढला, त्या जगातील वादकांची त्याने मनापासून काळजी घेतली; परंतु १९५० च्या दशकात उदयाला आलेले रॉक अँड रोल त्याला रुचत नव्हते, आणि अँप्लिफायरवर क्षमतेबाहेर ताण देऊन स्वर फाटू देण्याची त्या संगीताची रीत तर त्याला दोषच वाटे. आपली यंत्रे स्वच्छ स्वरासाठी आहेत हा त्याचा आग्रह कायम राहिला, आणि तरुण वादकांची एक संपूर्ण पिढी फेंडर आणि मार्शल यांच्याकडे वळली. ऑलिव्हर १९६६ मध्ये कंपनीतून बाहेर पडला आणि १९६७ मध्ये हलने ती युनिम्युझिक या समूहाला विकली. ग्राहकाची सेवा म्हणजे केवळ आपल्याला पटणाऱ्या ग्राहकाची सेवा नव्हे, हे या विक्रीतून दिसते. जी निष्ठा एका पिढीकडून मिळाली ती दुसरीकडून मिळवण्यासाठी तिचे संगीतही ऐकून घेणे आवश्यक होते.

नव्या व्यवस्थापनाने ते ऐकले. कंपनीतील बिल ह्यूज आणि रॉजर कॉक्स यांच्या प्रयत्नांतून १९६९ मध्ये एसव्हीटी हा अँप्लिफायर आकाराला आला: शक्ती ३०० वॅट, व्हॉल्व्ह १४, मुख्य यंत्राचेच वजन ३५ किलोंहून अधिक, आणि सोबत दहा इंची आठ स्पीकरांची बंद पेटी. बी-१५ ची शक्ती लक्षात घेता ही झेप दहापटींहून मोठी होती, आणि तिचे कारण मोठ्या क्रीडागारांत हजारो श्रोत्यांसमोर होऊ लागलेले कार्यक्रम हे होते. त्याच वर्षी रोलिंग स्टोन्स हा इंग्लिश वृंद अमेरिकेच्या दौऱ्याची तयारी लॉस एंजलिसमध्ये करत असताना त्याने सोबत आणलेले अँप्लिफायर निकामी झाले, तेव्हा अँपेगने आपले नुकतेच बनलेले एसव्हीटी त्यांना पुरवले आणि यंत्रांची निगा राखण्यासाठी आपला एक माणूसही दौऱ्यावर पाठवला. बाजारात अजून रुळायची असलेली यंत्रे गावोगाव रोज पूर्ण ताकदीने चालणार, तर ती जाणणारा हात सोबत हवा, हा त्यामागचा विचार होता. आणि त्या दौऱ्यानंतर मोठ्या रंगमंचावरील बेसचा स्वर म्हणजे एसव्हीटी असे समीकरण रुळले. या समीकरणात यंत्राच्या गुणाइतकाच त्या सोबत गेलेल्या कारागिराचाही वाटा आहे.

त्यानंतरची दोन दशके निष्ठेच्या कसोटीची होती. अँपेग १९७१ मध्ये मॅग्नाव्हॉक्स या दूरचित्रवाणी संच बनवणाऱ्या मोठ्या कंपनीकडे गेली, १९८० मध्ये एमटीआय या कंपनीकडे आणि १९८६ मध्ये सेंट लुइस म्युझिककडे. मालक बदलत राहिले तशी वादकांची निष्ठा कंपनीच्या कार्यालयाकडून सुटून दोन ठिकाणी जाऊन बसली: एक म्हणजे प्रत्यक्ष जुनी यंत्रे, आणि दुसरे म्हणजे ती जिवंत ठेवणारे स्थानिक दुरुस्ती-कारागीर. जेस ऑलिव्हरने कंपनी सोडल्यावर स्वतःच्या नावाने व्यवसाय काढला आणि उतारवयातही लाँग आयलंडवर अँप्लिफायर-दुरुस्तीचे काम सुरू ठेवले. स्वतः आखलेली यंत्रे अनेक दशकांनी पुन्हा आपल्याच मेजावर येताना पाहण्याचे भाग्य २०११ मध्ये निधन पावलेल्या या कारागिराला लाभले. सेंट लुइस म्युझिकनेही ही निष्ठा ओळखून एसव्हीटीचे मर्यादित संख्येत पुनरुत्पादन केले आणि त्या पायावर कंपनी पुन्हा उभी केली. पुढे २००५ मध्ये ती लाउड टेक्नॉलॉजीजकडे आणि २०१८ मध्ये यामाहाच्या गिटार-विभागाकडे गेली.

वादकाशी थेट नाते ठेवण्याची रीत अँपेगपुरती नव्हती. १९७० च्या दशकात वॉल्टर वुड्स या एकांड्या कारागिराने हाताने बनवलेले, सहज उचलता येणारे अँप्लिफायर दुकानदारांच्या मध्यस्थीवाचून थेट बेसवादकांना विकले, आणि जाहिरात न करताही जॅझच्या जगात त्याची मागणी वादकाकडून वादकाकडे तोंडी पसरली. स्टीव्ह रेब याने १९८४ मध्ये एसडब्ल्यूआर ही कंपनी सुरू केली, तेव्हा लॉस एंजलिसच्या ध्वनिमुद्रणगृहांतील बेसवादकांशी बोलूनच त्याने आपल्या अँप्लिफायरचा स्वर ठरवला. तंत्र वेगळे, स्वर वेगळा, पण ज्याने बनवले त्याच्याशी थेट बोलता येते हा विश्वास सगळीकडे समान होता.

आजच्या बहुतेक बेस अँप्लिफायरमध्ये व्हॉल्व्हऐवजी अतिवेगाने चालू-बंद होणारे ट्रान्झिस्टर असतात आणि ३०० वॅटहून अधिक शक्ती तीन किलोंच्या आत मावते. परंतु त्याचे सूक्ष्म भाग यंत्राने जोडलेले असल्याने गावातल्या कारागिराला ते उघडून सुधारणे अवघड झाले आहे. त्यामुळे सेवेचा भार पुन्हा उत्पादकावरच आला: सुटा भाग किती वर्षे मिळेल, सर्किटचा आराखडा दुरुस्ती करणाऱ्याला दिला जाईल की नाही, आणि वादकाच्या दूरध्वनीला जाणकार माणूस उत्तर देईल की नाही, यांवर आजची निष्ठा ठरते. हलचे मॅनहॅटनमधील दुकान, फेंडरच्या पेटीतला छापील तक्ता आणि १९६९ च्या दौऱ्यावर गेलेला कारागीर ही याच प्रश्नांची त्या त्या काळातील उत्तरे होती. बेसवादकांनी ज्या उत्पादकांना आपले मानले, ते आपल्या हातून गेलेल्या यंत्राची जबाबदारी विक्रीनंतरही आपलीच समजत होते. आणि जेथे उत्पादकाने ती जबाबदारी खाली ठेवली, तेथे ती उचलणाऱ्या कारागिराकडे वादक आपली निष्ठा घेऊन गेले.