अनुभवाचा रकाना



आमच्या गटातल्या एका ताईंना नर्सिंगच्या शाळेत जायचंय. बारावी झालेली आहे आणि सहा वर्षं त्या गावात आशा म्हणून काम करतात. एएनएमच्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाचा अर्ज घेऊन त्या माझ्याकडे आल्या. नाव, पत्ता, शिक्षण सगळं भरलेलं होतं. ‘आरोग्यविषयक कामाचा अनुभव’ हा रकाना मात्र कोरा. मी विचारलं, “हा का सोडला?” तर म्हणाल्या, “ताई, मी कुठं नोकरी केलीय? आशाचं काम म्हणजे मानधनावरचं. ते कोण अनुभवात धरतं?”

त्यांच्या नात्यातल्या एकानं वेगळाच उपाय काढला होता. शहरातल्या ओळखीच्या दवाखान्यातून दोन वर्षं काम केल्याचा दाखला आणून देतो, म्हणाला.

मी जरा गप्पच झाले. कारण दोन वर्षांपूर्वी आमच्याच गावातल्या एका मुलीचा असाच अर्ज मी भरून दिला होता. तिच्या अनुभवाच्या रकान्यात मी माझ्या हातानं ‘निरंक’ असं लिहिलं. त्या मुलीनं पक्षाघात झालेल्या आजीचं तीन वर्षं सगळं केलं होतं, आणि ते मला माहीत होतं. तिची निवड झाली नाही. त्या एका शब्दामुळेच झाली नाही असं मी म्हणणार नाही, पण तो शब्द माझा होता.

म्हणून आज जरा मागं जाऊन बघू. हा रकाना बायकांना अडवायला लागला कधीपासून, आणि आपल्या आधीच्या बायकांनी तो कसा भरला?

सुरुवात अमेरिकेतून करते, कारण तिथूनच ही गोष्ट आपल्या आनंदीबाईंपर्यंत येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत डॉक्टर व्हायचं तर कॉलेजातल्या व्याख्यानांबरोबर एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली साधारण तीन वर्षं शिकावं लागे. बाईला हाताखाली घेणार कोण? हाताखाली घेतलं नाही म्हणून अनुभव नाही, आणि अनुभव नाही म्हणून प्रवेश नाही. असं ते चाक फिरत राही.

एलिझाबेथ ब्लॅकवेल नावाची शिक्षिका या चाकात अडकली होती. तिनं काय केलं? वैद्यकी जाणणाऱ्या माणसांच्या घरी राहून शाळेत शिकवलं आणि उरलेल्या वेळात त्यांची पुस्तकं वाचली. पुढे फिलाडेल्फियातल्या एका डॉक्टरांनी तिच्यासाठी शिफारसपत्र दिलं. कॉलेजांनी एकामागून एक नकार कळवला. १८४७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथल्या कॉलेजात तिचा अर्ज प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवला. पोरांना वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. त्यांनी हसत हसत होकार दिला, आणि ही बाई खरोखरच दारात हजर झाली! १८४९ मध्ये ती डॉक्टर झाली. वैद्यकीय पदवी मिळवणारी ती अमेरिकेतली पहिली स्त्री.

दरवेळी थट्टेवर भरवसा ठेवून कसं चालेल? १८५० मध्ये फिलाडेल्फियात खास बायकांसाठीच वैद्यकीय कॉलेज सुरू झालं. पुढे आपल्या आनंदीबाई जोशी गेल्या त्या याच कॉलेजात.

आनंदीबाईंची गोष्ट आपण सगळ्यांनी कुठं ना कुठं ऐकली आहे. जन्म १८६५ चा, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न झालं. ते टपाल खात्यात होते. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी आणि अमेरिकेत स्वतःला काम मिळावं म्हणून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. त्यातून काम काही मिळालं नाही, पण ते पत्र तिकडच्या एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या थिओडोसिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात ते आलं, दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना! तिथून दोघींची पत्रं सुरू झाली. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटरबाईंच्या घरी राहूनच २८ जून १८८३ ला त्यांनी कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं.

ते पत्र म्हणजे त्यांचा अर्जच. अठरा वर्षांच्या या मुलीनं दवाखान्यात काम केलेलं नव्हतं, कुठल्या डॉक्टरच्या हाताखालीही ती शिकलेली नव्हती. मग तिनं लिहिलं काय?

आधी तिनं उणीव मान्य केली. माझं वय आणि अनुभव कमी आहे, त्यामुळे तुमच्या सगळ्या अटी कदाचित मी पूर्ण करू शकणार नाही, असं तिनं स्वतःहून सांगितलं. माझी परिस्थिती वेगळी आहे, ती ध्यानात घ्या, अशी विनंती केली.

मग जवळ जे होतं ते मांडलं. माझी प्रकृती चांगली आहे, आणि माझी माणसं व जात विरोधात असताना मला इथवर घेऊन आला तो निर्धार माझ्यापाशी आहे. हा निर्धार नुसता बोलण्यातला नव्हता. हजारो मैलांचा प्रवास तिनं करून दाखवला होता.

आणि शेवटी कशासाठी शिकायचं ते सांगितलं. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात. त्यांना खरी वैद्यकीय मदत मिळावी म्हणून मला शिकायचंय. मला स्वतःसाठी काही नको, या कामासाठी लागणारं शिक्षण तेवढं द्या.

कॉलेजनं प्रवेश दिला. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. पदवीसाठी प्रबंध लिहिला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. म्हणजे ज्या बाळंतपणांविषयी आपल्याकडे बायका दबक्या आवाजात बोलत, तो विषय त्यांनी थेट कॉलेजापुढे ठेवला. कोल्हापूरच्या दवाखान्यात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयानं त्यांना गाठलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. ‘माझी प्रकृती चांगली आहे’ ही पत्रातली ओळ आठवली की आजही जीव हळहळतो.

त्यांचं काम अपुरं राहिलं, पण वाट बंद झाली नाही. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं पुण्यात सेवासदन सुरू झालं. तिथून बायका ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. त्यांत विधवाही होत्या. आणि २००५ पासून गावोगाव आशा आल्या, साधारण हजार लोकवस्तीमागे एक. म्हणजे आनंदीबाईंपाशी जो अनुभव नव्हता, तो आज आपल्या गावातल्या बाईपाशी आहे. तरी ती रकाना कोरा ठेवते!

आम्ही दोघी मग ताईंची वही घेऊन बसलो. दवाखान्यात बाळंतपण झालं की त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात. बाळाचं वजन करतात, ताप बघतात, आईला अंगावर पाजण्याबद्दल समजावतात, धोक्याच्या खुणा बघतात. एका बाळामागे सहा भेटी. सहा वर्षांची बेरीज करायला घेतली तेव्हा ताई स्वतःच म्हणाल्या, “अगं बाई, एवढं झालं?”

एक प्रसंग त्यांनी सांगितला. सातव्या दिवशीच्या भेटीत एक बाळ दूध ओढत नव्हतं आणि हाताला गार लागत होतं. ताईंनी त्याला आईच्या छातीशी धरायला लावलं, वरून पांघरूण घातलं, गाडी बोलावली आणि सोबत दवाखान्यात गेल्या. बाळ बरं झालं. अर्जात त्यांनी आधी लिहिलं, ‘मी बाळाचा जीव वाचवला.’ आम्ही ते खोडलं आणि लिहिलं, ‘धोक्याची खूण ओळखली, बाळाला उबदार ठेवून दवाखान्यात पोचवलं. उपचार डॉक्टरांनी केले.’ वाचल्यावर मला वाटलं, हे पहिल्यापेक्षा भारी आहे. कारण यात बाई काय करू शकते तेही दिसतं, आणि आपली हद्द तिला कळते तेही दिसतं. बाळाचं, आईचं नाव आम्ही लिहिलं नाही. दुसऱ्याच्या घरची गोष्ट आपल्या अर्जात नावानिशी कशाला?

त्या खोट्या दाखल्याचं काय झालं? ताईच म्हणाल्या, “मुलाखतीत विचारलं, त्या दवाखान्यात काय काय करायचीस, तर मी काय सांगू? आणि एक खोटं निघालं की माझं सहा वर्षांचं खरंही कोण मानेल?” त्याऐवजी त्यांनी गटप्रवर्तक ताईंकडून आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून कामाचं पत्र घेतलं. ब्लॅकवेलबाईंनीही ओळखणाऱ्या डॉक्टरांचंच पत्र घेतलं होतं ना!

मैत्रिणींनो, कोरा रकाना आणि खोटा दाखला, दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे, की आपण केलेलं काम हे काम नाहीच. म्हणून आजपासून एक वही ठेवा. तारीख, काय केलं, किती वेळ, कुणाच्या सांगण्यावरून. रोज दोन ओळी पुरे. मुली-सुनांनाही सांगा.

ताईंची मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. निवड होईल की नाही, सांगता येत नाही. आणि ती दुसरी मुलगी? परवा मी तिच्या घरी जाऊन आले. ‘निरंक’ लिहिण्यात माझीच चूक झाली, असं तिला सांगितलं. यंदा ती पुन्हा अर्ज करतेय. अनुभवाच्या रकान्यात या वेळी तिनं स्वतः लिहिलंय: ‘तीन वर्षं, घरी, प्रशिक्षणाशिवाय. पक्षाघात झालेल्या आजीची शुश्रूषा. दर दोन तासांनी कूस बदलणं, अंघोळ, वेळच्या वेळी औषधं. पाठीला जखम होऊ दिली नाही.’

त्यात मी एकही शब्द बदलला नाही.