देल्फीन सेरिग : अभिनयाची फोड

फ्रेंच अभिनेत्री देल्फीन सेरिग (१९३२–१९९०) यांची कारकीर्द बहुधा दोन तुकडे करून सांगितली जाते. पहिल्या तुकड्यात १९६०च्या दशकातील प्रयोगशील दिग्दर्शकांची गूढ, तलम, हाती न लागणारी नायिका असते. दुसऱ्यात १९७०नंतरची, व्हिडिओ कॅमेऱ्याकडे वळलेली स्त्रीवादी कार्यकर्ती. जणू मध्येच एक व्यक्ती निघून गेली आणि तिच्या जागी दुसरी आली. ही मांडणी मला मुळातच चुकीची वाटते. पडद्यावरची स्त्री कशाकशाची बनलेली असते आणि त्यातले नटीच्या मालकीचे किती, हा एकच प्रश्न सेरिग यांच्या कामात पहिल्यापासून अखेरपर्यंत आहे. आधी तो दिग्दर्शकांनी त्यांच्यावर प्रयोग करून विचारला, पुढे तो त्यांनी स्वतः हाती घेतला.

भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक (देहाचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (आतल्या भावाचा). सेरिग यांच्या कामाची फोड करायला ही विभागणी फार उपयोगी पडते, आणि ती कारण नसताना लादलेली नाही. रंगभूमीवर नटाचा देह, आवाज आणि वेश एकाच क्षणी एकाच जागी हजर असतात. चारही अभिनय एकमेकांना धरून चालतात. चित्रपटाला हे बंधन नाही. आवाज नंतर मुद्रित करता येतो, तो दुसऱ्याचाही असू शकतो. हालचाल संकलनात कापता येते. एका चित्रचौकटीतला पोशाख पुढच्या चौकटीत बदलता येतो. बहुतेक चित्रपट ही फारकत लपवतात. सेरिग ज्यांच्यामुळे ओळखल्या जातात, ते चित्रपट ती उघडी करून दाखवतात.

त्यांचा जन्म १० एप्रिल १९३२ रोजी बैरूतमध्ये झाला. वडील ऑंरी सेरिग हे पुरातत्त्वज्ञ, सीरिया-लेबनॉनमधील पुरावशेष खात्याचे प्रमुख. आई एर्मिन द सोस्यूर ही भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांची पुतणी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुटुंब काही वर्षे न्यूयॉर्कला होते, त्यामुळे फ्रेंचइतकीच इंग्रजीही त्यांना सहज येत असे. नाट्यशिक्षण फ्रान्समध्ये झाले, सँतेत्येन इथल्या नाट्यकेंद्रात जाँ दास्ते यांच्या हाताखाली. मग १९५६मध्ये त्या चित्रकार पती जॅक यंगरमन यांच्यासह पुन्हा न्यूयॉर्कला गेल्या आणि ली स्ट्रासबर्ग यांच्या ‘ॲक्टर्स स्टुडिओ’च्या वर्गांना बसू लागल्या. हे शिक्षण पुढच्या विवेचनात महत्त्वाचे आहे. पात्र प्रत्येक कृती का करते याचे आतले कारण शोधल्याखेरीज नटाने हात उचलू नये, ही त्या वर्गाची शिकवण.

अमेरिकेतच ‘पुल माय डेझी’ (१९५९) या लघुपटात त्यांनी काम केले. रॉबर्ट फ्रँक आणि आल्फ्रेड लेस्ली यांच्या या कृतीत एकही पात्र स्वतःच्या आवाजात बोलत नाही. सगळ्यांचे बोलणे जॅक केरुअॅक एकटे निवेदनातून म्हणतात. ज्यांचा आवाज पुढे चेलो या वाद्याशी ताडून पाहिला गेला, त्या नटीने चित्रपटात पहिले पाऊल टाकले ते असे मुक्याने. हा योगायोग आहे, पण पुढची दिशा दाखवणारा.

आलँ रेने यांच्या ‘गेल्या वर्षी मारिएनबादला’ने (१९६१) त्यांना प्रसिद्धी दिली. व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. आलँ रोब-ग्रिये यांच्या पटकथेत पात्रांना नावे नाहीत, फक्त अक्षरे आहेत. एका प्रशस्त, जुनाट वैभवाच्या हॉटेलात एक पुरुष एका स्त्रीला पटवत राहतो की गेल्या वर्षी आपण भेटलो होतो, तू माझ्याबरोबर येण्याचे वचन दिले होतेस. तिला काही आठवत नाही. पुरुष वर्णन करतो आणि पडद्यावरची स्त्री त्या वर्णनाप्रमाणे उभी राहते, कठड्यावर हात ठेवते, वळते. कधी वर्णनाशी विसंगत वागते आणि मग पुरुष आपले वर्णन दुरुस्त करतो. पोशाख शानेल यांचे, पिसांचे झगे वेगळे, केसांची ठेवण मूकपटातल्या नायिकांची आठवण देणारी. एक हात आडवा नेऊन विरुद्ध खांद्यावर टेकवण्याची त्यांची लकब तर या चित्रपटाची खूणच झाली. इथे आहार्य अभिनय बाकी तिन्हींवर स्वार आहे. वेश इतक्या वेळा बदलतो की कोणता क्षण आजचा, कोणता गेल्या वर्षीचा, कोणता नुसता पुरुषाच्या कल्पनेतला, हे कपड्यांवरून ताडण्याचा आपला प्रयत्न दर वेळी फसतो.

या भूमिकेला ‘पुतळ्यासारखी’ म्हणून बाजूला सारणारे समीक्षक एक गोष्ट नजरेआड करतात. आग्रह वाढत जातो तसा या स्त्रीच्या हालचालीत एक बारीक विरोध येत जातो: मागे सरणे, मान फिरवणे, वाक्य अर्ध्यावर सोडणे. पटकथेने तिला नाव दिले नाही, भूतकाळ दिला नाही. नकार मात्र तिच्याकडे आहे आणि तो सेरिग यांनी देहाने रचला आहे.

रेने यांच्याच ‘म्युरिएल’मध्ये (१९६३) हे सगळे उलटते. बूलोन-स्युर-मेर या बंदराच्या गावात एलेन नावाची विधवा राहत्या घरातच जुने फर्निचर विकते, जुगारात पैसे घालवते. तिचा सावत्र मुलगा अल्जीरियाच्या युद्धात पाहिलेल्या छळाच्या आठवणींनी पोखरला गेला आहे. सेरिग तेव्हा तिशी नुकती ओलांडत होत्या. एलेन त्यांच्याहून बरीच वयस्क, सतत घाईत, सतत थकलेली. व्हेनिसच्या महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. दोन वर्षांपूर्वीची स्वप्नसुंदरी ओळखूही येऊ नये, इतका हा बदल होता. तरीही लोकांच्या मनात ठसली ती मारिएनबादची प्रतिमाच.

त्या प्रतिमेला पहिले उघड उत्तर मिळाले ते फ्राँस्वा त्रुफो यांच्या ‘चोरलेली चुंबने’मध्ये (१९६८). जोडे विकणाऱ्या दुकानदाराची बायको फाबिएन ताबार ही छोटी भूमिका. दुकानात काम करणारा तरुण आंत्वान तिला बघून असा भारावतो की तिला उत्तर देताना ‘हो, साहेब’ म्हणून बसतो आणि पळ काढतो. त्याच्या लेखी ती स्त्री नाहीच, एक दिव्य आभास आहे. मग ती सकाळी सरळ त्याच्या खोलीवर येते आणि शांतपणे समजावते की मी आभास वगैरे काही नाही, मी बाई आहे. संवाद हलकाफुलका आहे, पण मला तो सेरिग यांच्या कारकिर्दीचा सांधा वाटतो. ज्या आवाजामुळे लोक त्यांना अलौकिक ठरवत होते, त्याच आवाजात त्या अलौकिकपण नाकारतात.

पुढच्या चार-पाच वर्षांतल्या कामावरून भरभर जाता येईल. जाक देमी यांच्या ‘गाढवाचे कातडे’मधली (१९७०) परी, जिचे गाणे मात्र क्रिस्तियान लग्राँ यांच्या आवाजात आहे, हॅरी क्युमेल यांच्या रक्तपिपासूपटातली सरदारीण, लुईस बुन्युएल यांच्या ‘बुर्झ्वांचे सुप्त आकर्षण’मधली (१९७२) कधीच जेवायला न मिळणाऱ्या मंडळींपैकी एक. या भूमिका त्यांनी आनंदाने, नेमकेपणाने केल्या. याच काळात पडद्याबाहेर वेगळे काही घडत होते. ५ एप्रिल १९७१ रोजी ‘नुव्हेल ऑब्झर्व्हातर’मध्ये ३४३ स्त्रियांनी आपण गर्भपात केल्याचे जाहीर निवेदन दिले. तेव्हा फ्रान्समध्ये तो गुन्हा होता. सही करणाऱ्यांत सेरिग होत्या. पुढच्या वर्षी बोबिन्यीच्या गाजलेल्या गर्भपात-खटल्यात त्यांनी बचाव पक्षातर्फे साक्षही दिली.

आणि मग १९७५ साल. त्या वर्षी कानच्या महोत्सवात त्यांचे तीन चित्रपट होते, तिन्ही स्त्रियांनी दिग्दर्शित केलेले: लिलियान द केरमादेक यांचा ‘आलोईज’, मार्गरित द्युरास यांचा ‘इंडिया साँग’ आणि पंचविशीतही न पोचलेल्या शांताल आकरमान यांचा ‘जान दीलमान, २३ के द्यु कॉमेर्स, १०८० ब्रुसेल’. यांपैकी शेवटचे दोन शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज सेरिग यांचे मोठेपण नीट कळत नाही.

‘इंडिया साँग’मध्ये वाचिक आणि आंगिक यांची संपूर्ण फारकत आहे. १९३०च्या दशकातले कलकत्ता, फ्रेंच राजदूताची बायको आन-मारी स्त्रेतेर, तिचे प्रियकर, तिच्यावर जीव टाकून किंकाळ्या फोडणारा लाहोरचा माजी उपवाणिज्यदूत. पडद्यावर कुणाचेही ओठ हलत नाहीत. बोलणे सगळे बाहेरून येते. कधी अनोळखी आवाज या माणसांबद्दल बोलतात, कधी त्यांचे स्वतःचे आवाज ऐकू येतात, पण तोंड मिटलेले. देहाकडे उरते ते संथ नाचणे, आरशासमोरून जाणे, जमिनीवर आडवे होणे. सेरिग यांनी या मौनात एक जडत्व आणले आहे. उकाडा, कंटाळा आणि मरणाची ओढ नुसत्या चालीतून दिसते. एक आक्षेप इथे नोंदवलाच पाहिजे. चित्रीकरण पॅरिसजवळच्या एका ओसाड वाड्यात झाले आणि कलकत्ता चित्रपटात कुठेच नाही. ते आहे फक्त ऐकू येणाऱ्या नावांत, कुष्ठरोगाच्या उल्लेखांत आणि एका भिकारणीच्या गाण्यात, आणि ती भिकारीणही लाओसमधून आलेली. वसाहतीतल्या गोऱ्या माणसांची बंद खोली दाखवणे हाच द्युरास यांचा हेतू होता हे मान्य केले, तरी भारतीय प्रेक्षकाला आपले शहर एका परक्या दुःखाचा पडदा म्हणून वापरले गेल्याचे जाणवते. ती जाणीव रास्त आहे.

‘जान दीलमान’मध्ये फारकत दुसऱ्या दिशेने जाते. ब्रुसेल्समधली एक विधवा, तिचा शाळकरी मुलगा, आणि दुपारी ठरलेल्या वेळी येणारे गिऱ्हाईक, ज्याच्या पैशांवर घर चालते. २०१ मिनिटांत तीन दिवस. ती बटाटे सोलते, मांसाचे काप पिठात आणि अंड्यात घोळवते, बूट पुसते, अंथरूण घालते, खोलीबाहेर पडताना दिवा मालवते. कॅमेरा हलत नाही. छायालेखिका बाबेत मांगोल्त यांनी तो दिग्दर्शिकेच्या, म्हणजे बुटक्या माणसाच्या, डोळ्यांच्या उंचीवर ठेवला आहे. मूक कृती पूर्ण लांबीने दाखवल्या आहेत. संवाद मोजके, चेहरा जवळून कधीच नाही.

एखादी घरगुती चेहऱ्याची नटी असती, तर प्रेक्षकाने भांडी घासणाऱ्या बाईकडे पाहिलेच नसते. मारिएनबादच्या राणीसारख्या स्त्रीला आकरमान यांनी मोरीपाशी उभे केले, म्हणून ते काम दिसू लागले. म्हणजे आधीच्या पंधरा वर्षांची प्रतिमा इथे आहार्य म्हणून वापरली आहे, अंगावरच्या निळ्या घरगुती कोटाइतकीच.

या चित्रीकरणाच्या वेळी सेरिग यांचे जोडीदार, नट सामी फ्रे यांनी व्हिडिओवर टिपलेली दृश्ये उपलब्ध आहेत. त्यांत सेरिग दिग्दर्शिकेला पुन्हा पुन्हा विचारतात: ही बाई या क्षणी काय विचार करते? केस विंचरताना तिच्या मनात काय आहे? आकरमान कारण सांगायचे टाळतात आणि गती सांगतात: आणखी सावकाश. ॲक्टर्स स्टुडिओची शिकवण आणि आकरमान यांची पद्धत इथे समोरासमोर येतात. दोघी हट्ट सोडत नाहीत. माझ्या मते चित्रपटाची शक्ती याच न सुटलेल्या ताणात आहे. सेरिग यांनी आतली कारणे शोधलेली आहेत, पण ती चेहऱ्यावर आणायची मुभा त्यांना नाही. भाव कुठेतरी बाहेर पडणारच, आणि तो कृतीच्या बिघाडातून बाहेर पडतो. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक गेल्यावर बटाटे जास्त शिजून वाया जातात. केस विस्कटलेले राहतात. कोटाचे एक बटण लावायचे राहून जाते. तिसऱ्या दिवशी कॉफी बिघडते, ती ओतून पुन्हा केली तरी जमत नाही. प्रेक्षक एका सुटलेल्या बटणाने अस्वस्थ होतो. तिच्या हातून कात्रीने खून होतो तेव्हा तो आधीच हादरलेला असतो. सात्त्विक अभिनय म्हणजे घाम, कंप, अश्रू अशी यादी आपण पाठ केलेली असते. इथे तो उकडलेल्या बटाट्यात आहे. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने २०२२ साली समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा हा चित्रपट सर्वकालीन यादीत पहिला आला. त्या जागी पोचलेली ही स्त्रीदिग्दर्शित पहिलीच कृती.

नटीच्या मालकीचे किती, हा प्रश्न यानंतर सेरिग यांनी थेट इतर नट्यांनाच विचारला. कारोल रुसोपुलोस यांच्याकडे त्या सोनीचा सुटसुटीत व्हिडिओ संच चालवायला शिकल्या होत्या. त्या दोघींनी आणि योआना विडर यांनी मिळून गट उभा केला. या तिघींनी नादजा रँगार यांच्यासह ‘माझो आणि मिझो नावेतून जातात’ ही फीत केली: स्त्रियांच्या खात्याच्या राज्यमंत्री फ्राँस्वाझ जिरू सहभागी असलेला दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम मध्येमध्ये थांबवून, उलट प्रश्न घालून. पण अभिनयाच्या विचारासाठी महत्त्वाची आहे ती ‘सुंदर राहा आणि गप्प बस’ (चित्रीकरण १९७५-७६, प्रदर्शन १९८१). फ्रान्स आणि अमेरिकेतल्या वीसहून अधिक अभिनेत्री इथे कॅमेऱ्यापुढे बसून बोलतात: जेन फोंडा, मारिया श्नायडर, शर्ली मॅक्लेन, एलन बर्स्टिन, ज्युलिएट बेर्तो. तुम्ही मुलगा असता तर हाच पेशा निवडला असता का? दुसऱ्या स्त्रीशी जिव्हाळ्याचा प्रसंग कधी वाट्याला आला का? फोंडा सांगतात की पहिल्या चाचणीनंतर स्टुडिओच्या लोकांनी त्यांचा चेहरा तपासला आणि गाल खोल दिसावेत म्हणून जबडा मोडून घेण्याचा सल्ला दिला. आहार्य अभिनय कातडीच्या आत कुठपर्यंत पोचू शकतो, याचे याहून भीषण उदाहरण मला माहीत नाही. या फितीत सेरिग क्वचितच दिसतात, ऐकूही कमी येतात. आपल्या विख्यात आवाजाचा त्यांनी इथे केलेला उपयोग म्हणजे दुसरीला बोलते करणे.

१९८२मध्ये सेरिग, रुसोपुलोस आणि विडर या तिघींनी पॅरिसला सिमोन द बोव्हुआर यांच्या नावाने दृक्श्राव्य केंद्र स्थापन केले. स्त्रियांनी केलेल्या आणि स्त्रियांविषयीच्या फिती जमवणे, जतन करणे आणि दाखवणे हे त्याचे काम. अभिनयही चालूच राहिला. आकरमान यांच्या ‘गोल्डन एटीज’ (१९८६) या संगीतिकेत त्यांनी नाझी छळछावणीतून वाचलेल्या, कपड्यांचे दुकान चालवणाऱ्या स्त्रीची भूमिका केली. तिचेही नाव जान आहे. उलरिके ओटिंगर यांच्या ‘मंगोलियाची जोहाना’मध्ये (१९८९) त्या सैबेरियाच्या रेल्वेतून प्रवास करणाऱ्या विदुषी होत्या. कॅलॅमिटी जेनच्या नावे प्रसिद्ध असलेल्या, मुलीला लिहिलेल्या पत्रांवर चित्रपट करायचा त्यांचा बेत मात्र राहिला. १९८३मध्ये त्या बाबेत मांगोल्त यांना घेऊन मोंटानाला गेल्या, जागा पाहिल्या, थोडे चित्रीकरणही केले, पण चित्रपट उभा राहिला नाही. १५ ऑक्टोबर १९९० रोजी, वयाच्या ५८व्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. मोंटानात टिपलेल्या त्या चित्रफिती मांगोल्त यांनी सेरिग यांच्या निधनानंतर जवळपास तीन दशकांनी जुळवून त्यांचा स्वतंत्र चित्रपट केला.