निवडुंगाच्या कुंडीतील चिठ्ठी

इसवी सन १७९५ मध्ये कॅप्टन नील्सन यांनी ब्राझीलहून येताना निवडुंगावर जगणारे किडे कलकत्त्यास आणले. अशा किड्यांपासून कोचिनिअल हा किरमिजी रंग निघतो; त्यातील स्पॅनिश मक्तेदारी मोडावी, हा कंपनी सरकारचा हेतू. मद्रासेत जेम्स अँडरसन या डॉक्टरांनी त्यासाठी निवडुंगाची बागही लावली होती. परंतु आलेली जात हलक्या प्रतीची निघाली. रंगाचा धंदा बसला आणि किड्यांनी फड्या निवडुंगाची रानेच्या राने फस्त केली. तणाच्या जैविक नियंत्रणाचे आद्य उदाहरण म्हणून आज ही घटना सांगितली जाते. तसे काही कोणाच्या मनात नव्हते, ही गोष्ट वेगळी.

ज्या वनस्पतिकुळाशी आपली ओळख अशी तण म्हणून झाली, त्याच कुळातील दुर्मिळ जाती पुढे भारतात जिवापाड जपल्या गेल्या. हरियाणातील पंचकुला येथे १९८७ साली डॉ. जे. एस. सरकारिया यांच्या पुढाकाराने सात एकरांवर राष्ट्रीय निवडुंग उद्यान उभे राहिले. (आपल्याकडचा चिकाचा निवडुंग मात्र एरंडाच्या कुळातला. खरा कॅक्टस मूळचा अमेरिकेचा.)

बियांपासून निवडुंग वाढवणे ही संथ साधना आहे. मेक्सिकोतील एरिओकार्पसचे रोप पहिल्या वर्षी वाटाण्याएवढेही होत नाही. फुलायला दहाएक वर्षे सहज लागतात. घाई असलेले लोक जोमदार खुंटावर कलम बांधतात. ते गैर नाही, पण स्वतःच्या मुळांवर तीस-चाळीस वर्षे वाढलेल्या झाडाची ठेवण त्यात क्वचितच येते. शिवाय अॅस्ट्रोफायटम अॅस्टेरियाससारख्या जातीत झाडाचे स्वतःचे पराग त्याला चालत नाहीत. एकुलते एक झाड कितीही जुने असो, त्याला बी धरत नाही. त्यामुळे परागांची आणि बियांची देवाणघेवाण करणारे सोबती संग्राहकाला लागतातच.

या जातीची कथा बोलकी आहे. १८४३ मध्ये कार्विन्स्की यांनी ती गोळा केली. नंतर युरोपातून ती नाहीशी झाली आणि थेट १९२३ मध्ये अल्बर्टो फ्रिच यांना पुन्हा सापडली. हावरट खोदाईने रानातील झाडे घटली. १९७५ पासून अमलात असलेल्या साइटिस कराराने जवळजवळ सारे कॅक्टस कुळ व्यापारनियमनाखाली आणले. भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यातही साइटिसच्या जातींना जागा मिळाली.

रानातून खोदलेले झाड आणि कुंडीत बियांपासून वाढलेले झाड यांत कायदा भेद करतो. पण निवडुंगाच्या खोडाला झाडांसारखी वर्षवलये मोजता येत नाहीत. बी कुठून आले, केव्हा पेरले, हे सांगते ती केवळ कुंडीत खोचलेली चिठ्ठी आणि संग्राहकाची वही. माझ्या मते झाडाइतकीच ती जपली पाहिजे. संग्राहकाच्या पश्चात घरचे लोक कुंड्या वाटून टाकतात, उन्हाने शाई उडते, वही रद्दीत जाते. झाड जगते, फुलतेही. मात्र ते रानातून चोरलेले नाही, हे सिद्ध करणारा एकमेव पुरावा तोवर गेलेला असतो.