लोखंडाला मज्जाव असलेली वास्तू

मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली. त्याआधी १८७४ पासून ट्राम घोडे ओढत. नव्या गाडीचे मुंबईकरांना कौतुक वाटले. कुलाब्याच्या वेधशाळेला मात्र तिची धास्ती आधीच बसली होती. तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत असत. ट्रामचा विद्युतप्रवाह रुळांवाटे परतताना थोडा जमिनीत झिरपतो आणि प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ओर्स्टेडचा हा प्रयोग आपण वर्गात करून दाखवतोच. घोड्यांचा असा उपद्रव नव्हता!

वेधशाळा हलवावी, तर साठ वर्षांची मालिका तुटणार. संचालक नानाभाई मूस यांच्या काळात त्यावर तोडगा निघाला. मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर, अलिबागला नवी वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. दोन जागांमधला फरक कळल्याने जुनी मालिका नवीला जोडता आली. शाळेतला तापमापक बदलताना आपणही काही दिवस जुना आणि नवा शेजारी-शेजारी ठेवावेत, ते याचसाठी.

या अलिबागच्या वास्तूत आम्ही पूर्वी काम केले. अलीकडे पुष्कळ वर्षांनी तेथे गेलो. किनाऱ्यावर येणारे लोक कुलाबा किल्ला पाहून परततात. ही वास्तू त्यांच्या गावीही नसते. फिकट रंगाचा पोरबंदरी दगड निवडला तो शोभेसाठी नव्हे, तर तो चुंबकीय गुणापासून मुक्त म्हणून. पण डोळ्यांना सुख होते ते त्याच दगडामुळे! आत जाताना किल्ल्या, घड्याळ, पट्टा बाहेर काढून ठेवायची सवय आमच्या हातांना अजून आहे. तेव्हा अंधाऱ्या खोलीत छायाचित्राच्या कागदावर प्रकाशाची रेघ उमटे. कागद रोज बदलावा लागे, मग तो धुवायचा, वाळवायचा. आता आकडे थेट संगणकात जातात. खोलीतला तो जुना गारवा मात्र तसाच आहे.

इतका खटाटोप कशासाठी? अलिबागला क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला आहे. त्यातला रोजचा चढउतार काही दशकांचाच. पण २ सप्टेंबर १८५९ रोजी सौर वादळात कुलाब्याला हा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला. स्वयंचलित यंत्र नव्हते, कर्मचाऱ्यांनी डोळ्यांनी वाचन करून आकडे लिहिले. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या वादळाची तीव्रता अभ्यासली ती याच आकड्यांवरून.

कुंपणाबाहेर आता मोटारींची गर्दी वाढली आहे. मोटारीच्या लोखंडाचा परिणाम अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट केले की तो आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून येथे यंत्रांइतकीच भोवतालच्या मोकळ्या जागेची राखण करावी लागते.