माटुंग्याचे शेत, वरोऱ्याची भाजी

पोवाड्यांच्या अभ्यासकांना ॲकवर्थ हे नाव नवे नाही. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' हा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध करणारा तोच हा हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ. मात्र त्याची दुसरी ओळख फारशी कोणी सांगत नाही. आजचा धागा तिच्याविषयी आहे. 🧵

१८९० मध्ये ॲकवर्थ मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता. त्याच वर्षी माटुंग्यास, म्हणजे आजच्या वडाळ्यात, निराश्रित कुष्ठरुग्णांसाठी आश्रम उघडला. तेव्हा हा भाग शहराच्या वेशीबाहेरचा. दूर असणे हाच त्या जागेचा 'गुण' मानला गेला.

आश्रमात देऊळ होते, मशीद होती, ख्रिस्ती प्रार्थनास्थळही होते. आणि शेत होते. आश्रमाचेच मैलापाणी त्या शेताला दिले जाई आणि धडधाकट रहिवासी तेथे काम करीत. (मैलापाण्याच्या टाकीतून निघणाऱ्या वायूवर येथे दिवे लावण्याचा प्रयोग १८९७ च्या सुमारास झाला. भारतातील बायोगॅसचा इतिहास येथूनच सांगतात. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.)

रोगावर खात्रीचा इलाज नव्हता. कडू कवठाचे तेल, मलमपट्टी, एवढेच हाती. अशा वेळी दिवसाला आकार देणारे काम, उघडी हवा आणि आपण लावलेले रोप वाढताना पाहणे, याचे मोल औषधाहून कमी नसावे. पण एक गोष्ट विसरू नये. या रोगात हाताची संवेदना जाते. कुदळीच्या दांड्याने तळवा सोलला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. बागकाम हा नुसता विरंगुळा नव्हता.

शिवाय १८९८ चा लेपर्स ॲक्ट आला. निराश्रित रुग्णास पकडून आश्रमात ठेवण्याची सोय त्यात होती. अधिसूचित क्षेत्रात कुष्ठरुग्णाने खाण्यापिण्याचे पदार्थ विकू नयेत, असा निर्बंध घालण्याचा अधिकारही सरकारला मिळाला. म्हणजे माती हातात घेण्यास हरकत नाही. पण त्या हातांनी पिकवलेले घेऊन बाजारात बसता येणार नाही. माझ्या मते या इतिहासाची खरी गाठ येथे आहे. कुंपणाआतली हिरवळ रहिवाशाला दिलासा देते, पण माणसांत परत नेत नाही.

विदर्भात ही गाठ सुटू लागली. १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम उभे केले. मग बाबा आमटे आणि साधनाताई वरोऱ्याजवळ आले. दोन लहान मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, चौदा रुपये आणि ५० एकर खडकाळ रान, एवढीच शिदोरी. विहीर खणली, जमीन फोडली, भाजीपाला पिकू लागला. येथे शेत हे रुग्णालयाच्या कडेला आखलेले नव्हते. रहिवाशांचे पोट त्यावरच होते.

भाजी गरजेपेक्षा अधिक झाली आणि वरोऱ्याच्या बाजारात ती कोणी घेईना. कायद्याने नव्हे, भीतीने.

१९५४ मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे देशोदेशीचे स्वयंसेवक आनंदवनात राहून बांधकामाला लागले. हे परके तरुण तेथलेच अन्न खातात, तेथेच झोपतात आणि त्यांना काहीही होत नाही, हे गावाने पाहिले. त्यानंतर भाजी खपू लागली, असे आनंदवनाच्या कहाणीत सांगितले जाते. डॉक्टरांनी शंभरदा समजावून जे पटले नसते, ते वांग्या-टोमॅटोंनी पटवले म्हणायचे!

माटुंग्याचा तो आश्रम ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय या नावाने वडाळ्यात आजही आहे आणि तेथे या रोगाच्या इतिहासाचे संग्रहालयही आहे. अंधेरीकरांना वडाळा रोडसाठी थेट हार्बर लोकल मिळते. घाटकोपर-मुलुंडकरांनी कुर्ल्याला गाडी बदलावी.